संगणक मंद झाला म्हणून लगेच फॉरमॅट नको

संपादक महोदय,

संगणक अडखळू लागला की 'विंडोज नव्याने टाका' हा सल्ला गोव्यात म्हापशापासून काणकोणापर्यंत ठरलेला. त्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रामची यादी) उघडावा आणि 'सीपीयू' (प्रोसेसर) या रकान्याच्या मथळ्यावर क्लिक करावे. सर्वाधिक भार टाकणारा प्रोग्राम वर येतो. त्यातल्या 'डिटेल्स' या भागात 'सिस्टम आयडल प्रोसेस'समोर ९० (टक्के) दिसले तर घाबरू नये. तो प्रोसेसरचा रिकामा वेळ आहे. (यालाच व्हायरस समजणारेही भेटतात!) विंडोज अपडेट किंवा डिफेंडरची (विंडोजमधल्या व्हायरसरोधकाची) तपासणी चालू असेल तर ती पुरी होऊ द्यावी. क्रोम ब्राउझर यादीत वर असेल तर त्यातच शिफ्ट-एस्केप दाबल्यावर नेमका टॅब सापडतो. 'सिस्टम इंटरप्ट्स' (उपकरणांकडून प्रोसेसरला येणारे संकेत) सतत चढे असेल तर यूएसबी उपकरणे एकेक काढून पाहावीत. दोष बहुधा ड्रायव्हरचा (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) किंवा उपकरणाचा असतो.

यातले काहीच नसेल तर टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स'मधला प्रोसेसरचा वेग पाहावा. कामाच्या भरात तो 'बेस स्पीड'च्या (ठरलेल्या मूळ वेगाच्या) बराच खाली राहत असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. आपल्या दमट हवेत हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत धूळ नमद्यासारखी घट्ट बसते, वारा अडतो आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. संगणक बंद करून, प्लग काढून, पंखा बोटाने धरून ब्रशने धूळ झाडावी. पंखा मोकळा फिरू दिल्यास त्याचे बेअरिंग बिघडू शकते. हीटसिंक उचललाच तर प्रोसेसरवरची जुनी पेस्ट (उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) पुसून मटारएवढी नवी लावावी.

— संगणक दुरुस्ती करणारे काही वाचक, फोंडा