पॅरिसमधल्या सीन नदीकाठच्या पुस्तकवाल्या आजोबांना

आजोबा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून मनात म्हणत होते तेच लिहिते. तुम्हाला मराठी वाचता येणार नाही, पण आभार मानल्याशिवाय चैन पडेना.

लेओं वेर्थ यांची 'देपोझिस्यों' ही युद्धकाळातली रोजनिशी शोधत त्या दिवशी मी चौथ्या दुकानातून हात हलवत बाहेर पडले होते. सगळीकडे तेच. "वेर्थ? 'छोटा राजपुत्र' ज्याला अर्पण केलाय तो?" की बोट थेट लहान मुलांच्या पुस्तकांकडे! एका बाईंनी तर रंगवायची वही काढून दिली. अख्ख्या माणसाची या लोकांनी अर्पणपत्रिका करून टाकलीय. पहिल्या महायुद्धात खंदकात लढून आल्यावर युद्धाच्याच विरोधात कादंबरी लिहिणारा, १९२६ साली कोचिनचीनमधल्या (म्हणजे दक्षिण व्हिएतनाममधल्या फ्रेंच वसाहतीतल्या) फ्रेंच साहेबांची लाज काढणारा पत्रकार तो. यांच्या गावीही नाही.

तुम्ही मात्र नाव ऐकताच हिरव्या पेटीच्या तळाशी हात घातलात. पाऊस भुरभुरत होता. छत्री उघडलीत ती माझ्यावर नाही, पुस्तकावर धरलीत! आणि माझं फ्रेंच अडखळतंय हे पाहून स्वतःच एक पान वाचून दाखवलंत. जुलै १९४१. ज्यू असल्याची नोंद करायला वेर्थना लों-ल-सोनिये या गावी जावं लागलं. तिथे त्यांनी 'ज्यू' हा शब्द 'मार्सेयेझ', फ्रान्सचं राष्ट्रगीत, गायला निघाल्यासारखा उच्चारला. तुम्हीही तो तसाच, खणखणीत म्हणालात. पुलाकडे निघालेली दोन माणसं वळून बघायला लागली. तुम्ही आवाज खाली आणला नाहीत.

जून १९४० मध्ये जर्मन फौजा येताहेत म्हणून पॅरिस सोडून वेर्थ बायकोबरोबर सेंत-आमूर या गावी निघाले. एका दिवसाची वाट, लागले तेहेतीस दिवस. मुलगा वेगळ्या गाडीने पुढे गेलेला, त्याचा पत्ता नाही. वाटेत एका शेतकऱ्याने त्यांना आसरा दिला, तोही उपकार केल्याचा आव न आणता. त्या तेहेतीस दिवसांवर त्यांनी वेगळं पुस्तक लिहिलं. त्याचं हस्तलिखित त्यांचे मित्र, 'छोटा राजपुत्र'चे लेखक सेंत-एक्झुपेरी अमेरिकेला घेऊन गेले, पण पुस्तक निघालं १९९२ साली, वेर्थ जाऊन सदतीस वर्षं झाल्यावर. ते वाचताना त्या शेतकऱ्याला मी तुमचाच चेहरा देते. टोपीसकट.

तुमच्याकडून घेतलेलं पुस्तक सुखरूप आहे. एक कोपरा तेवढा फुगलाय. छत्री तिथवर पुरली नसावी.