काका, डगआउटकडे बघायला शिकवलंत म्हणून

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

समोर आभार मानले तर "घरच्यांत कसले आभार!" म्हणून उडवून लावाल, म्हणून चारचौघांत लिहितोय.

2014 मध्ये इथे अटलांटात कंपनीने माझी टीम काढून घेतली आणि मला परत जुन्या कामावर बसवलं. तुम्ही कंपनीला शिव्या दिल्या नाहीत, मला धीरही दिला नाहीत. गाडीत घातलंत आणि लॉरेन्सव्हिलला ग्विनेट ब्रेव्ह्जच्या बेसबॉल मॅचला नेलंत. ही अटलांटा ब्रेव्ह्ज या मोठ्या संघाची खालची, मायनर लीगमधली टीम. मी बॉल शोधत होतो. तुम्ही डगआउटकडे, म्हणजे टीम बसते त्या जागेकडे, बोट करून म्हणालात, "बॉल राहू दे, त्या मॅनेजरकडे बघ."

तो ब्रायन स्निटकर. 1977 मध्ये ब्रेव्ह्जकडे कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, म्हणून आलेला. खेळाडू म्हणून डाळ शिजली नाही, तेव्हा ब्रेव्ह्जचा जुना महान फलंदाज हँक ॲरनने त्याला कोचिंगला लावलं. 1982 पासून अँडरसन, डरॅम, मेकन, मर्टल बीच अशा छोट्या गावांच्या टीम्स, आणि रात्र रात्र बसचा प्रवास. 2007 मध्ये कुठे मुख्य संघात थर्ड बेस कोच (धावणाऱ्याला पळ की थांब ते सांगणारा) झाला, तर 2013 चा सीझन संपल्यावर पुन्हा खाली, ग्विनेटला.

मायनर लीगचा मॅनेजर नेमकं काय करतो, हे त्या दिवशी तुमच्याकडून कळलं. पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, जरा रंगात आला की वरून बोलावणं येतं, आणि संध्याकाळची लाइनअप पुन्हा मांडायची. कुणाला "तू वर चाललास" सांगायचं, कुणाला "घरी जा", तेही यानेच. मॅच जिंकणं त्यानंतर. क्रिकेटवर वाढलेल्या मला हे सगळं अजबच वाटलं होतं.

मे 2016 मध्ये ब्रेव्ह्ज 9 जिंकून 28 हरले होते. मॅनेजरला काढलं आणि साठीच्या स्निटकरला 'तात्पुरता' म्हणून बसवलं. तुमचा फोन आला, "आपला माणूस गेला वर!" 2018 मध्ये तो नॅशनल लीगचा (दोन मोठ्या लीगांपैकी एक) सर्वोत्तम मॅनेजर ठरला. 2021 मध्ये ह्यूस्टनच्या संघाला हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची मालिका, जिंकली. समोरच्या डगआउटमध्ये बॅटिंग कोच होता त्याचाच मुलगा ट्रॉय. त्या रात्री काकूंनी शिरा केला होता.

माझी टीम मला काही परत मिळाली नाही. दुसरी मिळाली, बऱ्याच उशिरा. मधली वर्षं तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बरी गेली, त्याबद्दल मनापासून आभार.

एक मात्र अजून पटत नाही. त्या सिरीजच्या तिसऱ्या मॅचला आपला पिचर इयान अँडरसनने पाच इनिंग्ज एकही हिट (बेस मिळवून देणारा फटका) दिली नव्हती, तरी स्निटकरने त्याला काढला. 2-0 ने जिंकलो, मान्य. पण मी असतो तर सहावी दिलीच असती. रविवारी येतोय, भांडायला.

तुमचा,
शेजारचा