बाबांच्या तापाचे मूळ शोधणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

लावणीनंतर सुरू झालेला बाबांचा ताप गणपती होऊन गेले तरी हटत नव्हता, तेव्हा आम्ही त्यांना तुमच्याकडे आणले. तोवर टायफॉइड, मलेरिया आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या तिन्हींची औषधे देऊन झाली होती, वजन झपाट्याने उतरले होते आणि क्षयाचे उपचार अंदाजाने सुरू करावेत असा सल्लाही मिळाला होता. हे पत्र मी जाहीरपणे लिहीत आहे, कारण तुम्ही जे केले ते कुडाळ-सावंतवाडीकडच्या प्रत्येक शेतकरी घराला ठाऊक असायला हवे.

फायलीतले रिपोर्ट चाळण्याआधी तुम्ही बाबांना प्रश्न विचारत बसलात. तरवा (भाताची रोपे) काढताना पायात काही घालता का, पायाला चीर किंवा जखम होती का, शेळीचे कच्चे दूध घेतले का, अलीकडे दात काढला का, साखर किती असते. दोडामार्गच्या रानात जाणे झाले का, हेही विचारलेत. २०१६ पासून तिकडे माकडतापाचे (गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या विषाणूच्या तापाचे) रुग्ण आढळले आहेत, पण तो ताप इतके आठवडे रेंगाळत नाही, असे तुम्हीच पुढे सांगितलेत. मग बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या स्क्रब टायफस या तापाची काळी खपली कुठे दडली आहे का, हे काखेत, जांघेत आणि करगोट्याखाली बोटाने चाचपून पाहिलेत आणि हृदयाच्या झडपांना संसर्ग नाही ना, म्हणून छातीवर स्टेथोस्कोप ठेवून कितीतरी वेळ ऐकत राहिलात.

पीटर्सडॉर्फ आणि बीसन या डॉक्टरांनी १९६१ साली अशा तापाची व्याख्या केली, हे मला तुमच्याकडून कळले: तीन आठवड्यांहून अधिक काळ वारंवार १०१ अंश फॅरनहाइटच्या वर जाणारा आणि रुग्णालयात आठवडाभर तपासूनही कारण न सापडणारा ताप. अशा वेळी घाईने स्टिरॉइड दिले तर ताप दबतो, मात्र आतला संसर्ग मोकाट सुटतो आणि लिम्फोमासारखे (लसीका ग्रंथींच्या कर्करोगासारखे) दुखणे असेल तर त्याचे निदानच झाकले जाते. म्हणून बाबांची प्रकृती स्थिर आहे याची खात्री करून तुम्ही चालू अँटिबायोटिक बंद केलेत, तापाची नोंद वहीत ठेवायला सांगितलीत आणि मगच कल्चरसाठी, म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून पाहण्यासाठी, पुन्हा पुन्हा रक्त घेतलेत. घरातली माणसे औषधासाठी अधीर झालेली असताना थांबायला मोठे धैर्य लागते, असे मला मनापासून वाटते.

सोनोग्राफीत यकृतात आणि प्लीहेत लहान लहान गळवे दिसली. कल्चरचा पहिला रिपोर्ट स्यूडोमोनास या जंतूचा होता आणि तो बाहेरून मिसळलेला जंतू असावा, अशी शंकाही त्यात नोंदवली होती. तुम्ही मात्र त्यातील, जंतूवर कोणते अँटिबायोटिक चालते हे सांगणाऱ्या रकान्यावर बोट ठेवलेत: जेंटामायसिन आणि कोलिस्टिन निष्प्रभ, तरीही को-अमॉक्सिक्लॅव्ह लागू. स्यूडोमोनासला न शोभणारी ही जोडी पाहताच तुम्ही लॅबला फोन करून जंतू वाढवलेली प्लेट टाकून देऊ नका, जंतू पुन्हा ओळखा, असे सांगितलेत. तो बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाय निघाला आणि आजार मेलिऑइडोसिस. भातशेतीच्या चिखलात आणि पाण्यात राहणारा हा जंतू जखमेतून शरीरात शिरतो, मधुमेह असलेल्यांना अधिक गाठतो आणि क्षयाची हुबेहूब नक्कल करतो. अंदाजाने क्षयाच्या गोळ्या चालू केल्या असत्या, तर त्या या जंतूला पुरल्या नसत्या आणि हातची वेळ निघून गेली असती.

उपचारही तुम्ही आम्हाला कळेल अशा भाषेत समजावलेत. आधी सेफ्टाझिडिम शिरेतून किमान दहा ते चौदा दिवस, बाबांसारखी आत गळवे असतील तर त्याहून अधिक काळ, आणि पुढे को-ट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या किमान तीन महिने, कारण ताप गेला म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार उलटतो. सुरुवातीला औषध चालू असूनही ताप लगेच उतरला नाही, तेव्हा या आजारात ताप उतरायला आठवडा किंवा अधिकही लागतो, हे तुम्ही अगोदरच सांगून ठेवले होते. त्यामुळे आईचा धीर सुटला नाही. रात्रपाळीच्या सिस्टरांनी इंजेक्शनची एकही वेळ चुकू दिली नाही आणि लॅबमधल्या दादांनी ती प्लेट जपून ठेवली. त्यांचेही आम्ही ऋणी आहोत.

बाबांच्या गोळ्या पूर्ण झाल्या आहेत, ताप परत आलेला नाही आणि साखर आटोक्यात आहे. यंदा आमच्या वाडीतल्या मधुमेह असलेल्या सगळ्यांनी लावणीसाठी गमबूट घेतले आहेत आणि पायाला जखम असेल तर चिखलात उतरायचे नाही, असे ठरवले आहे. पावसाळ्यात कोणाचा ताप लांबला, तर तुम्ही बाबांना विचारलेले प्रश्न लिहून ठेवलेला कागद मी त्यांच्या हाती देते.

आपली कृतज्ञ,
एका रुग्णाची मुलगी
तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग