माझ्या भावाच्या कागदावरील दोन शब्दांविषयी आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या रुग्णाचा पाय पुन्हा घसरला, तरी त्याला उपचारांतून काढले जाणार नाही, असे आपण जाहीर केले होते. त्या शब्दावर विसंबून मी धाकट्या भावाला व्यसनमुक्ती केंद्रात नेले. गेल्या सोमवारी त्याच केंद्राने त्याचे नाव कापले. कागदावर कारण लिहिले आहे: ‘इच्छाशक्तीचा अभाव’.

चौदा महिने त्याने हेरॉइनला हात लावला नव्हता. कामावरून काढल्याचे पत्र आले, त्या संध्याकाळी तो दारात उभा राहून त्या पत्राची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घालत होता, आणि मी त्याला एवढेच म्हणाले की, जेवून घे. रात्री तो बाहेर पडला. मी त्याला थांबवायला हवे होते, हे मला रोज वाटते. पण त्याच्या मेंदूत त्या वेळी काय चालले होते, हे जाणून घेण्याची जबाबदारी एकट्या माझी नव्हती.

1995 मध्ये शहाम आणि स्ट्युअर्ट या संशोधकांनी हेरॉइनची सवय लागलेल्या उंदरांवर प्रयोग केला. जी कळ दाबून हेरॉइन मिळे, ती दाबूनही आता काही मिळत नाही, हे कळल्यावर उंदरांनी ती दाबणे सोडले होते. पायांना विजेचे सौम्य झटके बसताच ते पुन्हा कळ दाबू लागले. ताण आला की अमिगडाला या मेंदूतील भीती-ताणाच्या केंद्राच्या परिसरात कॉर्टिकोट्रॉपिन रिलीझिंग फॅक्टर आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ही रसायने उसळतात, तलफ पेटते, आणि ‘थांब’ म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, नेमका तेव्हाच दुबळा पडतो. दीर्घकाळच्या सेवनाने ही यंत्रणा इतकी हळवी होते, की नशा सुटल्यावरही ती बराच काळ पूर्ववत होत नाही. यात इच्छाशक्ती कुठे मोजली, हे त्या कागदावर सही करणाऱ्याने मला सांगावे.

उपचारांनंतर 40 ते 60 टक्के रुग्ण पुन्हा व्यसनाकडे वळतात. उच्च रक्तदाब आणि दमा पुन्हा उसळण्याचे प्रमाण याहून कमी नाही. रक्तदाब वाढला म्हणून कोणी रुग्णाच्या गोळ्या बंद करत नाही. मात्र व्यसनाच्या बाबतीत आपल्या साऱ्या यंत्रणेला फक्त ‘मुक्त झालेल्यां’चा आकडा हवा असतो, आणि घसरलेला माणूस तो आकडा बिघडवतो. म्हणून ज्या ताणाने तो घसरला, त्यात हाकलले जाण्याचा ताण आपणच घालतो.

महोदय, इतक्या महिन्यांच्या खंडानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वी पचणारी मात्रा श्वास थांबवू शकते. हेरॉइनची तलफ आवरणारी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे चालू असताना मृत्यूचा धोका जवळपास निम्म्यावर येतो. हे पत्र लिहिताना मी तीनदा उठून त्याचा श्वास पाहून आले आहे.

त्याचे नाव याच आठवड्यात पुन्हा नोंदवावे, औषध त्याच दिवशी सुरू करावे, आणि ते दोन शब्द त्याच्या कागदावरून खोडावेत.

आपली,
एका रुग्णाची बहीण