नकाराच्या पत्रातलं शेवटचं वाक्य

संपादक महोदय,

दारव्हा तालुक्यातल्या एका माजी जवानाची डिसेबिलिटी पेन्शन (सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची पेन्शन) नाकारल्याचं पत्र त्याच्या वडिलांनी मला वाचायला दिलं. सगळं इंग्रजीत. मेडिकल बोर्ड म्हणतं, मानसिक आजार सैनिकी सेवेमुळे झाला नाही, वाढलाही नाही. तो सुरू झाला तेव्हा जवान पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत होता. त्याआधीच्या काश्मीरच्या पोस्टिंगबद्दल चकार शब्द नाही. पीटीएसडीची, म्हणजे भीषण अनुभवानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराची लक्षणं कित्येकदा महिन्यांनी, वर्षांनी वर येतात, हे बोर्डातल्या डॉक्टरांना आम्ही सांगायचं का? रानडुकरं हाकलायला शेजारच्या वावरात सुतळी बॉम्ब फुटला, की हा माणूस तुरीत पालथा पडतो आणि उठवायला आलेल्या बापालाही खाली ओढतो. गाव म्हणतं, दारू. दारू आहेच, पण ती नंतरची.

"सरकारनं नाई म्हनलं, मंग आता काय?" वडिलांनी विचारलं. उत्तर त्याच पत्राच्या शेवटी होतं : सहा महिन्यांत अपील करता येईल. त्यातला बराच काळ ते पत्र सातबाऱ्याच्या पिशवीत पडून होतं.

पहिलं अपील फेटाळलं तर दुसरं करता येतं, पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचं खंडपीठ मुंबईला. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळेच झाला असं धरायचं, तसं नसल्याचं दाखवणं सरकारचं काम, असं सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग खटल्यात २०१३ साली म्हटलं. २०२३ मध्ये नियम बदलले, म्हणून कोणता नियम लागू होतो ते आधी बघावं. नुसतं 'अन्याय झाला' लिहून भागत नाही. बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मागवावी. फील्ड पोस्टिंगच्या (काश्मीरसारख्या भागातल्या नेमणुकीच्या) तारखा, मिलिटरी हॉस्पिटलचे कागद, सोबतच्या जवानांची प्रतिज्ञापत्रं जोडावीत. अपंगत्व २० टक्क्यांच्या, म्हणजे या पेन्शनसाठीच्या किमान मर्यादेच्या खाली दाखवलं असेल, तर त्यालाही हरकत घ्यावी. मुदत टळली असली तरी उशिराचं कारण लिहून अपील पाठवावंच.

पण हे सांगणार कोण? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यवतमाळला. एका चकरेत एसटीचं भाडं जातं आणि रोजही बुडतो. सत्काराच्या शाली मात्र थेट गावात पोचतात. या कार्यालयाने महिन्यातून एक दिवस तहसीलला बसावं, आणि नकाराच्या पत्रासोबत अपिलाची मुदत व पत्ता सांगणारं एक पान मराठीत यावं. आपल्या वृत्तपत्राने ही मागणी लावून धरावी, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ