तो फॉर्म मी स्वतःसाठी भरून बघितला

मा. संपादक,

कुठल्या कॅम्पसवर गोळीबार झाला की दुसऱ्या दिवशी ते एक वाक्य छापून येतंच, "तो शांत होता, कुणात फारसा मिसळायचा नाही." तुमच्याकडेही आलंय. मी १७ वर्षं विद्यापीठात शिकवतेय, आणि हे वाक्य वाचलं की पोटात गोळा येतो, कारण आमच्या डिपार्टमेंटमधल्या निम्म्या लोकांना ते जसंच्या तसं लागू पडतं.

मध्ये आम्हाला मेल आला, संशयास्पद वागणं दिसलं तर कळवा, सोबत फॉर्म. एकटं जेवणं, रात्री-अपरात्री मेल पाठवणं, कार्यक्रमांना न येणं, नजर टाळणं. गंमत म्हणून मी स्वतःसाठी टिक करत गेले तर चारपैकी चार! हसले, मग हसू गेलं.

माझ्या समोरच्या खोलीत एक पीएचडीचा मुलगा बसतो, टेबल भिंतीकडे, कानाला हेडफोन, दाराच्या काचेवर आतून कागद चिकटवलेला. चौथं वर्ष चालू, पेपर दोनदा परत आलेला. परवा प्रिंटर अडकला म्हणून बाहेर आला नि मला काहीतरी विचारायला लागला तर आवाजच फुटेना. घसा खाकरून म्हणाला, "सॉरी मॅडम, शुक्रवारपासून कुणाशी बोललोच नाहीये." त्या दिवशी मंगळवार होता.

आता असा मुलगा धोकादायक का? एवढ्यावरून तर अजिबात नाही हो. बहुतेक एकटी माणसं कुणाला बोटसुद्धा लावत नाहीत, एकटं असणं म्हणजे काही धोक्याची खूण नाही. एकटेपणा वेगळा आणि डूख धरणं वेगळं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ज्याने गोळ्या झाडल्या त्याच्या डोक्यात प्रबंधाचं बक्षीस दुसऱ्याला गेल्याचा राग होता. २०१० मध्ये तिथेच अलाबामा राज्यातल्या हंट्सविलच्या विद्यापीठात एका प्राध्यापिकेने भर मीटिंगमध्ये तीन सहकाऱ्यांना गोळ्या घालून मारलं, तिला कायम नोकरी नाकारली होती. हे राग काय एका रात्रीत आले नव्हते.

व्हर्जिनिया टेक या अमेरिकेतल्याच विद्यापीठातल्या गोळीबाराचं तर जास्तच लागतं मनाला. २००७, ३२ जण गेले. गोळ्या झाडणाऱ्या त्या विद्यार्थ्याचं काहीतरी बिनसलंय हे इंग्रजीच्या शिक्षकांना दीड वर्ष आधी दिसलेलं, विभागप्रमुख बाई त्याला वर्गातून बाजूला काढून एकट्याला शिकवत होत्या. हॉस्टेलवाल्यांना काही वेगळं माहीत, पोलिसांना वेगळं, कोर्टाने उपचार घ्यायला सांगितलेलं ते पुढे कुणी बघितलंच नाही. चौकशी समितीचं म्हणणं असं की प्रायव्हसीच्या कायद्याचा चुकीचा अर्थ लावून लोकांनी एकमेकांना कळवलं नाही. पुढच्या वर्षी तिथल्या राज्याने सरकारी कॉलेजांना अशा गोष्टी एकत्र बसून बघणारी टीम सक्तीची केली, ते मला पटतं, निदान माणसं समोरासमोर बसतात तरी. आमच्या फॉर्मवर नाव, खोली नंबर, तारीख सगळं आहे, फक्त "तुम्ही त्याच्याशी बोललात का" हा रकाना नाही.

तेव्हा विनंती एवढीच की "शांत होता" छापण्याआधी तुमच्या वार्ताहराने विचारावं, कुणाला काय माहीत होतं आणि कधीपासून. शेजारच्या खोलीतल्या मॅडमनाही विचारावं. चार वर्षं समोर बसणाऱ्या त्या मुलाचं पूर्ण नाव मला परवा कळलं, प्रिंटरमधून त्याचा अडकलेला कागद ओढून काढला तेव्हा.

एक प्राध्यापिका