‘काकी, एक मास्क द्या’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेदाणा हंगामात कामगारांनी घ्यायच्या काळजीवर आपल्या अंकात आलेला मजकूर वाचला. पाणी भरपूर प्या, हातमोजे घाला, हे ठीकच आहे. पण गंधकाच्या धुरीबद्दल त्यात एकच वाक्य आहे, ‘तोंडाला मास्क बांधावा’. कुठला, ते नाही. तासगावात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. यजमान गेल्यापासून चौदा वर्षं गल्ल्यावर मीच बसते. ते वाक्य वाचून कुणीतरी माझ्याकडे येणार आणि म्हणणार, ‘काकी, एक मास्क द्या.’

मी आता लगेच फळीवर हात घालत नाही. आधी विचारते, कशाला पाहिजे? ही सवय मला एका परप्रांतीय पोरानं लावली. करोना ओसरत आला होता तेव्हाची गोष्ट. वीस-बावीसचा असेल. बेदाण्याच्या शेडवर कामाला आला होता. दहा रुपयांचा निळा, तीन पदरी सर्जिकल मास्क मागितला, मी दिला, सुटे पैसे परत केले. तिसऱ्या प्रहरी मुकादम त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेताना दुकानासमोरून गेला. डोळे लाल, खोकून खोकून वाकलेला, आणि माझाच निळा मास्क हनुवटीला लोंबतोय. धुरीच्या खोलीचं दार वेळेआधी उघडून तो आत शिरला होता. दोन दिवसांनी बरा झाला. मला मात्र ते सुटे पैसे अजून आठवतात.

बेदाण्याचा पिवळा रंग टिकावा म्हणून बंद खोलीत गंधक जाळतात, हे इकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्यातून निघतो तो सल्फर डायऑक्साइड वायू. डोळ्यांतल्या, घशातल्या ओलाव्यात तो विरघळतो आणि त्याचं आम्ल होतं, म्हणून इतकी आग होते. निळा मास्क तर सोडाच, त्या पोरानं एन ९५ लावला असता तरी फरक पडला नसता. एन ९५ धुळीसाठी आहे. ०.३ मायक्रॉन हा पकडायला सगळ्यांत अवघड आकार, त्या आकाराचे कणसुद्धा तो शंभरातले किमान ९५ अडवतो. पण वायू म्हणजे कण नव्हे, तो हवेबरोबर सरळ आत येतो. तिथे कार्ट्रिजचा, म्हणजे वायू शोषणाऱ्या कोळशाची डबी लावलेला रबरी मास्क लागतो, आणि तोही आम्लवायूंसाठीचा. नाकातोंडावर बसणारा असेल तर डोळ्यांना बंद गॉगल वेगळा. धुरी उतरेपर्यंत दारं उघडी टाकून बाहेर थांबणं याहून स्वस्त, पण मुकादमाला घाई असते.

कार्ट्रिजच्या रंगावर जाऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगते. युरोपच्या पद्धतीत थिनर, पेट्रोलसारख्या वाफांसाठी तपकिरी पट्टा, अमेरिकेच्या पद्धतीत त्याच कामाला काळा. बाजारात दोन्ही माल येतो. कशासाठी आहे ते डब्यावर लिहिलेलं असतं, ते वाचून घ्यायचं. इंग्रजी येत नसेल तर दुकानदाराला वाचायला लावायचं, त्यात लाज कसली?

द्राक्षबागेतही हाच घोळ. भुरी रोगासाठी गंधकाची भुकटी धुरळायची असेल तर एन ९५ चालतो. औषध ब्लोअरनं मारायचं असेल तर तुषारही असतात आणि वाफही, म्हणून कार्ट्रिज आणि त्यावर धुळीचा फिल्टर, दोन्ही पाहिजेत. रुमाल ओला करून बांधणारे अजून निम्मे आहेत. तो रुमाल औषध पितो आणि दिवसभर नाकाशी धरून ठेवतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपल्याच पेपरात मी रोज वाचत होते. औषध कातडीतूनही शिरतं, त्यामुळे नुसता चांगला मास्क घेऊन अर्ध्या चड्डीवर फवारणाऱ्याला मी हातमोजे आणि लांब बाह्यांचं सांगतेच. तो हसतो.

फरशी, ग्रॅनाइट कापणाऱ्या मिस्त्र्यांना एन ९५ किंवा त्याच्याच तोडीचा युरोपच्या पद्धतीचा एफएफपी २ देते आणि कटरवर पाणी सोडायला सांगते. दगडाची ती बारीक धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. मिरची कांडपवाल्या बायकांनाही एन ९५ पुरतो. घरात क्षयाचा पेशंट असेल तर पेशंटला साधा सर्जिकल, कारण त्याचे तुषार बाहेर उडू द्यायचे नाहीत. सेवा करणाऱ्याला एन ९५. पेशंटला व्हॉल्व्हचा कधीच देऊ नये. त्यातून उच्छ्वास न गाळता बाहेर पडतो. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य विभागानं तसं राज्यांना कळवलंही होतं. तरी व्हॉल्व्हचा मास्क भारी दिसतो म्हणून तोच मागतात.

एन ९५ धुणाऱ्यांचं काय करावं, मला कळत नाही. त्याच्या आतल्या धाग्यांवर विजेचा भार असतो, बारीक कण त्याला चिकटतात. साबणानं धुतला किंवा सॅनिटायझर मारला की तो भार जातो. मास्क पांढराशुभ्र होतो आणि कामातून जातो. नुसते ‘एन ९५’ असे छापलेले मास्कही विकायला येतात. मागच्या वर्षी एका घाऊक व्यापाऱ्यानं निम्म्या भावात गठ्ठा देऊ केला, त्यावर ना कंपनीचं नाव ना आयएस ९४७३ हा भारतीय मानकाचा क्रमांक. मी परत पाठवला, तो कुठेतरी खपलाच असेल.

दाढीचा विषय काढला की तरुण गिऱ्हाईक रागावतं. पण रबर आणि गाल यांच्यात केस आले की हवा तिथूनच शिरते, मग मास्क साठ रुपयांचा असो की बाराशेचा. रबरी मास्क घेणाऱ्याला मी दुकानातच लावायला लावते. कार्ट्रिजवर तळवे दाबून श्वास आत ओढ म्हणते. मास्क चेहऱ्याला ओढला गेला पाहिजे. बाजूनं फुसफुस झाली तर पट्टे आवळायचे, नाहीतर दुसरा साइज.

आणि एका कामाला मी कुठलाच मास्क विकत नाही. विहिरीत, गोबरगॅसच्या टाकीत, शौचाच्या टाकीत उतरायचं आहे म्हणणाऱ्याला. हवेत साधारण २१ टक्के प्राणवायू असतो, तो कमी झाला तर मास्क काय गाळणार? विहिरीत इंजिन सोडून पाणी उपसतात तेव्हा कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नाही आणि माझ्याकडच्या एकाही कार्ट्रिजमध्ये तो अडकत नाही. तिथे पाठीवर हवेचं नळकांडं असलेलं अग्निशमनवाल्यांचं साहित्य लागतं. एकदा एकजण म्हणाला, ‘काकी, धंदा नको का तुम्हाला?’

तेव्हा पुढच्या वेळी आपण ‘मास्क बांधावा’ असं छापाल तेव्हा पुढे दोन शब्द वाढवा, धुळीचा की वायूचा. मजकूर काही लांबणार नाही. पाकिटांवरही हे मराठीत, चित्रासकट यायला हवं, पण ते कंपन्या आणि सरकार ठरवणार.

त्या पोराच्या मालकानं नंतर दोन रबरी मास्क नेले होते. परवा शेडवर बिलाचे पैसे आणायला गेले, तर दोन्ही मास्क धुरीच्या खोलीतच खिळ्याला टांगलेले, उघडे. धुरी चालू असताना कार्ट्रिज तिथे गंधक पीत बसलेले. मी ते काढून घेतले, नवे जोड पाठवते म्हणाले, आणि येताना झाकणाचा एक स्टीलचा डबा ठेवून आले.

आपली,
एक हार्डवेअर दुकानदार, तासगाव (जि. सांगली)